हबच्या आतले ग्रीस

पाऊस ओसरून भात झोडून झाले की आमच्या फोंडाघाटात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बाहेर निघतात. कधी शेणखत, कधी गवत, कधी चिरे. निकाहाच्या हंगामात देगा आणि मंडपाचे बांबूही त्यातच चढतात. चार महिने उभ्या असलेल्या ट्रॉलीचे टायर सगळे पाहतात, चाकातले बेअरिंग मात्र कुणी पाहत नाही.

आम्हीही पाहत नव्हतो. एका वर्षी दाजीपूरकडून भरलेली ट्रॉली घेऊन घाट उतरताना डाव्या चाकातून घरघर ऐकू आली. ‘घरी पोहोचू, मग बघू’ म्हणत पुढे गेलो. खालच्या वळणावर हबमधून धूर निघाला आणि चाक कलले. अल्लाहचा करम, समोरून कुणी येत नव्हते. उघडले तर ग्रीस जळून काळे, रोलर निळे पडलेले. दुसऱ्या चाकात ग्रीस दुधासारखे पांढरट, म्हणजे आत पाणी.

चूक आमचीच. काम संपले की ट्रॉली तशीच व्हाळात घालून धुवायची सवय. धावून तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. आता हब हाताला थंड लागल्याशिवाय आम्ही ट्रॉली पाण्यात नेत नाही.

वरून निपलने ग्रीस मारले की काम झाले, असे समजू नका. जुना गाळ आतच राहतो, जास्त दाबले तर सील बाहेर येते. पावसाळ्यानंतर एकदा चाक उघडावेच. दुसऱ्या चाकाला दगड लावा, जॅकवर विसंबू नका, आसाखाली भक्कम ठोकळा द्या. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन वाळवा (परात घ्याल तर अम्मीला विचारून!), पण कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका. चाकाचे ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहा, दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. चाक फिरवत नट आवळा, मग किंचित सैल करा. सील नवे, कॉटर पिनही नवी. आधी उंट बांधा, मग तवक्कुल करा, असे मुलांना शिकवणारे आपण दहा-वीस रुपयांची पिन मात्र जुनीच ठोकतो.

पहिल्या फेरीला दोन-तीन किलोमीटरवर थांबून आम्ही प्रत्येक हबजवळ हाताची पाठ नेतो. एखादा जास्त गरम वाटला, तर माल तिथेच उतरवतो.