ओव्हनआधी वायर बघा

मागे एका दिवाळीत बहिणीकडे नानकटाईचा पहिला ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि दहा मिनिटांत प्लास्टिक जळाल्याचा वास सुटला. ओव्हन धडधाकट होता. सॉकेटचं भोक मात्र काळं पडलं होतं. असे प्रकार बहुधा चार गैरसमजांतून होतात.

गैरसमज : कन्व्हर्टर लावला की मोठा प्लग साध्या पॉईंटवर चालतो.
वस्तुस्थिती : छोटा पॉईंट ६ अँपिअरचा, मोठा १६चा. ओव्हनच्या मागच्या पट्टीवरचे वॅट २३०ने भागा. २००० वॅटचा ओटीजी जवळपास ९ अँपिअर घेतो. करंट दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट होते. शिवाय छोट्या पॉईंटवरचा मिक्सर दोन मिनिटांत थांबतो, ओव्हन पाऊण तास चालतो.

गैरसमज : एमसीबी सारखी पडते? मोठी बसवा.
वस्तुस्थिती : एमसीबी राखण करते ती वायरची. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ अँपिअरची एमसीबी बसवली, तर भिंतीतल्या वायरचं आवरण तापून वितळेल, तरी एमसीबी पडणार नाही. म्हणून आधी वायर, मग तिला साजेशी एमसीबी. ओटीजीला तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर वायर आणि १६ अँपिअरची एमसीबी ठीक. ओट्याखाली बसवायच्या ३०००-३५०० वॅटच्या ओव्हनला ४ चौरस मिलिमीटरची वायर घ्या. एमसीबी मात्र ओव्हनच्या पुस्तिकेत बघून.

गैरसमज : पॉवर पॉईंट दोन आहेत, म्हणजे दोन्ही एकदम चालतील.
वस्तुस्थिती : बऱ्याच घरांत दोन्ही पॉईंट एकाच वायरवर असतात. २००० वॅटचा ओटीजी आणि तेवढीच इंडक्शन शेगडी मिळून १७ अँपिअरच्या वर जातात. ओव्हनला थेट एमसीबीपासून स्वतंत्र लाईन हवी. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच.

गैरसमज : एमसीबी आहे, म्हणजे शॉक लागणार नाही.
वस्तुस्थिती : जिवावर बेतणारी गळती इतकी थोडी असते, की एमसीबीला तिचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि पक्कं अर्थिंग हवं. प्लगची तिसरी पिन लांब असते ती अर्थिंग सगळ्यांत आधी जुळावं म्हणूनच. ती कापून प्लग बसवू नका.

बहिणीने परवानाधारक वायरमनकडून नवी लाईन ओढून घेतली. आता ट्रे बाहेर काढला की बटण बंद करून ती प्लगला हात लावून बघते. प्लग गरम लागला, तर कुठेतरी जोड सैल आहे हे तिला ठाऊक आहे. या दिवाळीत तो गार होता.