बातोंगा!

मला बघायला आले होते तेव्हा पोहे झाल्यावर ठरलेला प्रश्न आलाच, ‘गाणं येतं का?’ मी एक भावगीत म्हटलं. सगळ्यांना आवडलं, लग्नही जमलं. पहिल्याच गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात गाशील का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘घरात म्हण हवं तेवढं. स्टेजवर नको. लोक काय म्हणतील?’ पेटी माळ्यावर गेली ती गेलीच.

परवा लेक म्हणाली, ‘आई, कॉलेजच्या बँडमध्ये मला गायला घेतलंय.’ आणि माझ्या तोंडून काय निघावं? ‘अगं, पण लोक काय म्हणतील?’

ती काहीच बोलली नाही. मी मेथी निवडत बसले होते, तिने मोबाइलवर एक गाणं लावलं आणि उठून गेली. शब्द एकही कळेना. पण खणखणीत आवाज आणि असा ठेका, की माझा हात थांबला. गाणारीचं नाव अँजेलिक किजो.

मैत्रिणींनो, मग मी या बाईचा पिच्छाच पुरवला. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशातलं उइदा हे समुद्राकाठचं तिचं गाव. जन्म 1960 चा. आई नाटकमंडळी चालवायची, त्यात सहाव्या वर्षीच ही रंगमंचावर उभी राहिली. वडील पोस्टात नोकरीला. भावांचा बँड होता. त्यामुळे घरात गावाकडची पारंपरिक गाणी आणि अमेरिकेतल्या जेम्स ब्राऊनची गाणी एकत्रच नांदायची. दक्षिण आफ्रिकेच्या मिरियम मकेबा म्हणजे तिचं दैवत.

घरचा पाठिंबा होता म्हणून वाट सोपी होती असं नाही. शाळेत मुलं छळायची, तेव्हा तिने स्वतःच एक शब्द तयार केला, ‘बातोंगा!’ कुठल्याच भाषेत नसलेला. तिच्या लेखी त्याचा अर्थ, माझ्या वाटेला जाऊ नका, मला हवं ते मी होणार! मुलांना अर्थ कळायचा नाही, पण तिचं बळ वाढायचं.

पुढे देशात हुकूमशाही आली. कलावंतांनी सरकारचे गोडवे गावेत असा दबाव होता. तिला ते जमणारं नव्हतं. 1983 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिने देश सोडला आणि पॅरिस गाठलं. आपण सासरी जाताना रडतो, पण निदान माहेर एका एस.टी.च्या अंतरावर असतं! तिथे मिळतील ती कामं करून तिने जॅझ संगीताच्या शाळेची फी भरली. तिथेच भेटलेल्या जाँ एब्राय या संगीतकाराशी पुढे लग्न केलं.

तिने कुठलंच एक संगीत धरून ठेवलं नाही. बेनिनचे ताल, जॅझ, फंक, ब्राझील आणि क्यूबाचं संगीत, सगळं एका पातेल्यात घातलं, पण फोडणी मात्र स्वतःच्या घरची! फॉन आणि योरुबा या आपल्या भाषा सोडल्या नाहीत. बॉब मार्ले यांना जगापुढे आणणाऱ्या आयलंड रेकॉर्ड्सने तिला करारबद्ध केलं. 1991 मध्ये ‘लोगोझो’ आणि 1994 मध्ये ‘आये’ हे अल्बम आले, आणि त्यातलं ‘अगोलो’ जगभर वाजलं. आजवर पाच ग्रॅमी तिच्या नावावर आहेत. 2023 मध्ये स्वीडनचा मानाचा पोलर संगीत पुरस्कारही मिळाला.

मला मात्र जास्त भावला तो 2014 चा ‘ईव्ह’. त्यासाठी ती केनियात आणि बेनिनमध्ये जाऊन तिथल्या बायकांच्या गटांबरोबर गायली. त्यात तिची आईही गायली आहे. मुलींच्या माध्यमिक शिक्षणासाठी 2006 मध्ये तिने संस्था काढली. तिचं नाव? अर्थात ‘बातोंगा’!

हे सगळं वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. किजोच्या आईने मुलीला सहाव्या वर्षी रंगमंचावर उभं केलं. आणि मी? मला जे वाक्य इतकी वर्षं टोचत होतं, तेच मी लेकीच्या हातावर ठेवत होते.

रात्री लेकीला म्हटलं, ‘गा तू. बाबांशी मी बोलते.’ सासूबाई तिथेच वाती वळत बसल्या होत्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, ‘तुझा आवाजही चांगला होता गं.’

त्यावर काय बोलावं मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी पेटी माळ्यावरून काढली. भाता फाटलाय, दोन सूर बोलतच नाहीत. दुरुस्तीला टाकली आहे. ह्यांची समजूत अजून काढायची आहे. अगदीच अडलं, तर एक शब्द आहे आता माझ्याकडे!