चकाकतं ते सगळं ॲल्युमिनियम नसतं!

मित्रमैत्रिणींनो, आणि हळूच हे पान उघडलेल्या सर-मॅडम,

रविवारी सकाळी कुठल्याही होस्टेलच्या मागच्या नळापाशी उभे राहिलात तर एक प्रदर्शनच बघायला मिळतं. एक जण बाईकची रिम कपडे धुवायच्या पावडरीने धुतोय, दुसरा मेसमधला हिरवा स्क्रबर घेऊन आलाय, तिसऱ्याच्या हातात थेट टॉयलेट क्लीनरची बाटली! आणि तिघांचंही म्हणणं एकच, "अरे, चमकतं ना, मग झालं!"

चमकतं हे खरं आहे. पण किती दिवस? आणि चमकतंय ते नक्की काय? मेकॅनिकलच्या वर्गात असल्यामुळे मला हा प्रश्न गप्प बसू देत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं मिक्स आहे, तेवढं सांभाळून घ्या. केमिकल्सच्या बाबतीत मात्र मिक्सिंग अजिबात चालत नाही, ते पुढे सांगतेच.

चाक नाही, वरचा थर बघा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : आपण चाक धूत नसतो, चाकावरचा सगळ्यात वरचा थर धूत असतो. क्लीनर निवडायचा तो त्या थरासाठी.

आपण "अलॉय" म्हणतो ती चाकं म्हणजे बहुतेक वेळा ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम यांचं ओतकाम. पण कंपनीतून येताना त्यावर रंग असतो आणि रंगावर पारदर्शक क्लिअर कोट. म्हणजे तुमचा हात धातूला लागतच नाही, तो लागतो एका प्रकारच्या प्लास्टिकसारख्या थराला. बुलेटच्या जुन्या रिमवर निकेल आणि क्रोमियमचा मुलामा असतो. बाईकच्या काळ्या अलॉयवर बऱ्याचदा पावडर कोटिंग असतं. आणि काही हौशी लोक रंग काढून चाक आरशासारखं पॉलिश करून घेतात, तिथे मात्र खरोखरच उघडं ॲल्युमिनियम असतं. दिसायला चारही चकचकीत, पण स्वभाव चार दिशांना!

तो काळा थर येतो कुठून?

बहुतेकांना वाटतं ती रस्त्याची धूळ आहे. मग एक निरीक्षण करा. पार्किंगमधल्या कुठल्याही छोट्या कारची पुढची आणि मागची चाकं बघा. पुढची जास्त काळी दिसतील. रस्ता तर दोघांचा सारखाच! कारण असं, की आपल्याकडच्या बहुतेक छोट्या कारना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. डिस्क उघडी असते, त्यामुळे पॅड आणि डिस्क घासून निघालेली भुकटी सरळ रिमवर उडते. ड्रमची भुकटी बरीचशी आतच राहते. शिवाय ब्रेक मारताना वजन पुढच्या चाकांवर येतं, म्हणून पुढचे ब्रेक जास्त काम करतात.

या भुकटीत लोखंडाचे बारीक कण असतात, आणि ते गरम असतात. ते क्लिअर कोटला चिकटतात, पाऊस लागला की तिथेच गंजतात आणि तपकिरी ठिपके पडतात. हे साबणाने जात नाहीत. आणि नेमकं याच वेळी माणूस वैतागून ॲसिडची बाटली उचलतो.

ओळख परेड

आधी चाक साध्या पाण्याने आणि शाम्पूने स्वच्छ धुवा, वाळवा, मग या तीन टेस्ट करा.

१. लोहचुंबक : चिकटला तर आत स्टील आहे, नाही चिकटला तर ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिकची कॅप.

२. टिचकी : पोकळ, हलका आवाज आला तर ती प्लास्टिकची व्हील कॅप आहे. रंग चंदेरी असला म्हणून फसू नका.

३. पांढरं फडकं : फडक्यावर वाटाण्याएवढं मेटल पॉलिश घेऊन चाकाच्या आतल्या, न दिसणाऱ्या भागावर हलकं चोळा. ॲल्युमिनियमच्या चाकावर फडकं काळं झालं तर उघडा धातू आहे. चाकाचा रंगच फडक्यावर आला तर रंगावर क्लिअर कोट नाही. फडकं पांढरंच राहिलं तर वर क्लिअर कोट आहे असं समजायला हरकत नाही.

प्रॅक्टिकलमध्ये एवढं ऑब्झर्व्हेशन केलं तरी सर खुश होतात, इथे तर आपल्या पैशांची रिम आहे!

ज्याचा त्याचा डॉक्टर

क्लिअर कोट किंवा पावडर कोट : याला औषध सगळ्यात साधं. पीएच ७ च्या आसपासचा कार शाम्पू, मऊ ब्रश, भरपूर पाणी. तपकिरी ठिपके असतील तर "आयर्न रिमूव्हर" नावाचा प्रकार मिळतो. त्यात थायोग्लायकोलेट जातीचं केमिकल असतं, ते लोखंडाशी जोडी जमवतं आणि ठिपका जांभळा होऊन ओघळतो. बघायला भारी वाटतं, वास मात्र नाक मुरडायला लावणारा. केस कुरळे करायच्या पार्लरमधल्या लोशनमध्येही याच घराण्यातलं केमिकल असतं, त्यामुळे मैत्रिणींना वास ओळखीचा वाटेल. ते चाकावर वाळू द्यायचं नाही, बाटलीवर लिहिलेल्या मिनिटांत धुऊन टाकायचं. हिरवा स्क्रबर आणि तारेचा काथ्या इथे पूर्ण बंद. स्क्रबरमध्ये घासणारे कडक कण असतात, ते क्लिअर कोटवर हजारो बारीक ओरखडे काढतात आणि चाक धुरकट दिसायला लागतं.

उघडं, पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम : हा सगळ्यात नाजूक पेशंट. बारावीची केमिस्ट्री आठवा : ॲल्युमिनियम ॲम्फोटेरिक आहे. म्हणजे ते ॲसिडमध्येही विरघळतं आणि अल्कलीमध्येही! त्याला वाचवणारा ऑक्साइडचा पातळ पापुद्रा साधारण पीएच ४ ते साडेआठ एवढ्याच पट्ट्यात टिकतो. कपड्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, त्याचं पाणी या पट्ट्याच्या बाहेर जातं. म्हणून पावडरीने धुतलेली रिम पहिल्या दिवशी स्वच्छ आणि पुढे मळकट, डागाळलेली दिसते. मेसच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यांचा तोच रंग, तेच कारण. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी बनवलेल्या आंबट पावडरीसुद्धा इथे नकोत, लिंबू-चिंचही नको. सौम्य शाम्पूने धुवायचं, वाळवायचं, मग ॲल्युमिनियमसाठीच बनवलेलं मेटल पॉलिश मऊ कापडाने लावायचं. आणि लगेच वर वॅक्स किंवा सीलंट, नाहीतर महिनाभरात पुन्हा मंद.

क्रोम : क्रोमियम कडक असतं, पण थर अतिशय पातळ, मायक्रॉनच्याही खाली. त्याखाली निकेल, त्याखाली बहुतेक स्टील. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोमियमला खातं. थरात मुळातच बारीक भेगा असतात, त्यातून ॲसिड खाली उतरतं आणि मग गंज आतून वर येतो. साबणपाणी आणि क्रोम पॉलिश एवढंच पुरे. वरवरचा गंज असेल तर एक मस्त जुगाड आहे : पार्सलच्या डब्यावरचा ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत आणि गंज निघतो. पण हे फक्त क्रोमवर, रंगावर नाही!

मॅट आणि ॲनोडाइज्ड : मॅट काळ्या चाकाला पॉलिश कधीच नाही. पॉलिशने तो खडबडीतपणाच घासला जातो आणि ठिकठिकाणी चमकणारे चट्टे पडतात. ॲनोडाइज्ड भागावर ॲसिड आणि अल्कली दोन्ही बंद, रंग उडतो. दोघांनाही फक्त सौम्य शाम्पू.

साधी स्टील रिम आणि प्लास्टिक कॅप : शाम्पू, पाणी, बस्स. कॅपवर थिनर किंवा पेट्रोल लावू नका, रंग आणि प्लास्टिक दोन्ही खराब होतात. स्टीलला जिथे रंग उडालाय तिथे पॉलिशचा उपयोग नाही, तिथे गंज घासून प्रायमर आणि रंगच हवा.

तीन बाटल्या, तीन कामं

दुकानात तिन्ही बाटल्या शेजारी ठेवलेल्या असतात म्हणून गोंधळ होतो. क्लीनर वरची घाण काढतो. पॉलिश मूळ थराचाच एक अगदी बारीक पापुद्रा घासून काढतं, म्हणून चमक येते. वॅक्स आणि सीलंट वर नवा थर चढवतात. म्हणजे दर रविवारी पॉलिश करणारा माणूस दर रविवारी आपलं चाक थोडं थोडं खर्च करत असतो! धुणं वारंवार, वॅक्स अधूनमधून, पॉलिश क्वचित, हा हिशोब. कारनौबा वॅक्स सुमारे ८० ते ८५ अंशांना वितळतं आणि घाटात ब्रेक मारून आलेली चाकं चांगलीच तापतात, म्हणून पुढच्या चाकांना सीलंट जास्त टिकतं.

अलिबाग किंवा गणपतीपुळ्याची ट्रिप करून, वाळूत गाडी उतरवून आलात तर त्याच दिवशी चाकं गोड्या पाण्याने धुवा. मिठातला क्लोराइड ॲल्युमिनियमचा ऑक्साइड फोडतो. दगडाने क्लिअर कोटला टवका उडाला असेल तर तिथून मीठ आत शिरतं आणि कोटच्या खाली पांढऱ्या अळ्या फिरल्यासारख्या रेषा उमटतात. डायमंड कट चाकांवर हे हमखास दिसतं. एकदा तसं झालं की कुठलंच क्लीनर कामाचं नाही, कोट काढून नवा करावा लागतो.

इथे मस्करी नाही

आतापर्यंत प्रश्न रिमचा होता. आता जिवाचा.

पहिलं : काही स्ट्राँग व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लुओरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लुओराइड असतं. सुट्या कॅनमधलं, लेबल नसलेलं "ॲसिडवालं" लिक्विड कधीच हातात घेऊ नका. हे ॲसिड अंगावर पडलं तर कधीकधी लगेच दुखतसुद्धा नाही, पण ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम पकडतं. तासांनी त्रास सुरू होतो आणि जिवावर बेतू शकतं. अंगावर उडालंच तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा आणि दुखायची वाट न बघता बाटलीसकट हॉस्पिटल गाठा. डॉक्टरांना नाव सांगा, त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा उपचार असतो.

दुसरं : टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र केलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तर नकोच नको.

तिसरं : ब्रेकच्या डिस्कवर पॉलिश, वॅक्स किंवा ऑइल स्प्रे उडू देऊ नका. पॅड ते पिऊन घेतात आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक लागत नाही.

चौथं, खास बाईकवाल्यांसाठी : टायरचं चकचकीत पॉलिश रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधीही नाही. बाईक वळणावर टायरच्या कडेवर उभी असते. तिथे सिलिकॉनचा थर म्हणजे घसरायचं आमंत्रणच.

रविवारचा टाइमटेबल

चाकं थंड होऊ द्या, गरम चाकावर केमिकल झटकन वाळतं आणि डाग सोडतं. उन्हात धुऊ नका. आधी चाकं, मग बॉडी. चाकांची बादली आणि फडकं वेगळं, कारण त्यात लोखंडाची भुकटी असते आणि तेच फडकं बोनेटवर फिरवलं तर बोनेटचं काय होईल ते सांगायला नको. एकेक चाक पूर्ण करा. बोअरचं जड पाणी चाकावर वाळू न देता पुसून घ्या, नाहीतर पांढरे ठिपके राहतात. शेवटी गाडी हळू चालवून दोन-तीनदा हलका ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क कोरडी होईल.

खर्चाचं म्हणाल, तर एक शाम्पूची बाटली, एक मऊ ब्रश आणि दोन जुने टी-शर्ट यात आपल्यापैकी बहुतेकांचं काम भागतं. बाकीच्या बाटल्या टेस्ट करून, गरज असेल तरच घ्या. व्हायवाला एक्स्टर्नल हेच विचारतात : मटेरियल काय, सरफेस फिनिश काय, मग प्रोसेस सांगा. चाक धुतानाही प्रश्न त्याच क्रमाने विचारा. रिम टिकेल, पैसे वाचतील, आणि ब्रेक लागायच्या वेळी लागतील!