आष्टीचा ‘ष्ट’ नेमका कुठे अडला?

बीड जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांची नावं टाईप करायला घ्या. कीबोर्डवरची इंग्रजी ‘डी’ची की मेलेली असली, तरी गेवराई, माजलगाव, केज, धारूर, परळी, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार आणि खुद्द बीड बिनबोभाट उमटतात. अडतात दोनच, आष्टी आणि अंबाजोगाई. इनस्क्रिप्ट मांडणीत अक्षराचा पाय मोडायचं काम ‘डी’कडे आहे आणि शिफ्ट दाबून तीच की ‘अ’ देते. ती गेली की ‘अर्ज’चा ‘रज’ होतो, ‘न्यायालय’चं ‘नयायालय’ आणि ‘शेतकऱ्यांचा’चं ‘शेतकऱयांचा’.

ही मांडणी १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवली. तिची गाठ आता मुक्त प्रणालीशी पडते ती न्यायालयांमुळे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरच्या जिल्हा न्यायालयांसाठी उबंटू लिनक्स स्वीकारली आणि खटल्यांच्या नोंदींची प्रणालीही मुक्त सॉफ्टवेअरवर एनआयसीच्या पुणे केंद्राने उभी केली. त्यामुळे जबानी टाईप करणाऱ्यापुढे विंडोज असेलच असं नाही. दुरुस्तीच्या दुकानात मात्र अजून एकच रामबाण औषध मिळतं: ‘फॉरमॅट मारून देतो.’ एका कीसाठी अख्खी प्रणाली पुसणं हा शुद्ध आळस आहे. लिनक्समध्ये तर त्याला काही निमित्तही नाही, कारण की दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतचा प्रत्येक टप्पा तिथे उघडून बघता येतो.

आधी फुकटचे संशय फेडून घ्यावेत. सुपर आणि स्पेस चुकून एकत्र दाबलं गेलं की उबंटूत भाषेची मांडणी बदलते आणि सगळा कीबोर्डच बिघडल्यासारखा वाटतो. काही लॅपटॉपवर नमलॉक चालू राहिला तर ‘जे, के, एल’ या कीज १, २, ३ देऊ लागतात. मराठीत र, क, त गायब. ‘स्लो कीज’ ही सुविधा तर भल्याभल्यांना चकवते. कीबोर्डवरून ती चालू करायची मुभा दिलेली असेल, तर शिफ्ट आठ सेकंद दाबून धरताच ती सुरू होते, आणि मग कुठलीही की जरा दाबून धरल्याशिवाय उमटत नाही. हाताखाली फाईल ठेवून बोलत बसलेल्या माणसाची कोपर एवढं सहज करते.

यातलं काही नसेल तर खरा साक्षीदार बोलवावा. ‘ईव्हीटेस्ट’ नावाची छोटी आज्ञावली प्रशासकाच्या अधिकाराने टर्मिनलमध्ये चालवली की ती यंत्रातले कीबोर्ड दाखवते. त्यातला आपला निवडायचा आणि संशयित की दाबायची. ही आज्ञावली भाषा, फॉन्ट, मांडणी यांच्या आधीच्या पायरीवर, थेट कर्नेलजवळ, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याजवळ बसलेली असते. यूएसबी कीबोर्डवर ‘डी’ दाबली की ७०००७ असा आकडा यावा. ए ७०००४, बी ७०००५, असा हा क्रम. पुढे दाबल्याचा १, सोडल्याचा ०, आणि धरून ठेवली तर २ येत राहतो.

आकडाच आला नाही, तर दोष बहुधा खालीच, रबराखालच्या पातळ पडद्यात किंवा केबलमध्ये. एका दाबात १-०-१-० असं दुहेरी आलं, तर संपर्क झिजला आहे. तोपर्यंत ‘बाउन्स कीज’ चालू करून दुसरा ठोका गाळता येतो. आकडा चोख येतो आणि तरी पडद्यावर ‘ष्टी’ जुळत नाही, तर कीबोर्डला दोष देऊ नका. गडबड मांडणीत, नाही तर फॉन्टमध्ये आहे. एकाच रांगेतल्या तीन-चार कीज एकदम गेल्या असतील, तर धूळ झाडत बसू नये. तिथे मार्गच तुटलेला असतो.

एकटी की रुसली असेल तर साफसफाईला अर्थ आहे. यंत्र बंद करून कीबोर्ड पालथा धरावा, ब्लोअरने हवा मारावी. मोबाईल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात ते अल्कोहोल कापसाच्या काडीने लावलं, तर चहाचा चिकटा सुटतो. लॅपटॉपच्या कीची टोपी मात्र नखाने उचकटू नये. खालच्या नाजूक कड्या तुटतात.

आणि तारीख आजचीच असेल, कीबोर्ड तालुक्याला मिळत नसेल, तर ‘डी’चं काम कॅप्सलॉककडे सोपवावं. मराठीत त्याचा तसा उपयोगच काय? यासाठी पूर्वी ‘एक्समॉडमॅप’ वापरत, पण ‘वेलँड’ या नव्या पडदा-यंत्रणेवर त्याची मात्रा चालत नाही. त्यापेक्षा लिनक्समध्ये उपकरणं सांभाळणाऱ्या ‘यूडेव्ह’च्या हार्डवेअर यादीत एक ओळ घालावी: यूएसबी कीबोर्डसाठी ७००३९ म्हणजे कॅप्सलॉक, तो यापुढे ‘डी’ समजावा. यादी ताजी करून लागू केली की लॉगिनच्या पडद्यापासून सगळीकडे ते चालतं. शिफ्टसह ‘अ’ही मिळतो, कारण वरच्या थरांना ही अदलाबदल कळतच नाही.

ही ओळ यादीत कीबोर्डच्या कंपनी-मॉडेलच्या क्रमांकाखाली लिहायची असते. कार्यालयांत खरेदी एकगठ्ठा होते, म्हणून बदली आलेला कीबोर्ड त्याच मॉडेलचा निघाला तर त्याचाही कॅप्सलॉक अक्षरांचे पाय मोडू लागेल. जुना कीबोर्ड काढला की ती ओळही काढावी.