अन्व्याचा मढ आणि अंकोरचा विष्णू

कार्तिक शुद्ध चतुर्दशी ही वैकुंठ चतुर्दशी. शिवाला तुळस आणि विष्णूला बेल वाहण्याचा वर्षातील हा एकच दिवस. काशीत विष्णूने सहस्र कमळांनी विश्वेश्वराची पूजा मांडली, एक कमळ उणे पडले, तेव्हा आपला नेत्रच वाहण्यास तो सिद्ध झाला आणि प्रसन्न झालेल्या शिवाने त्यास सुदर्शन चक्र दिले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. हरी आणि हर यांत भेद मानू नये, हे आपल्या संतांनी निराळे सांगावयास नको. पंढरीचा विठुराया मस्तकी शिवलिंग धारण करून उभा आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धाच आहे.

जालना जिल्ह्यात हा अभेद पाहावयाचा तर भोकरदन तालुक्यातील अन्वा गावी जावे. तेथील बाराव्या शतकातील शिल्पसमृद्ध मंदिरास ‘मढ’ म्हणतात. अर्धखुल्या मंडपातील कोरीव खांब ओलांडून आत जावे, तो गाभाऱ्यात महादेव. मात्र बाहेरून प्रदक्षिणा घालू लागताच मन थबकते. भिंतीवरील देवकोष्ठांत शंख, चक्र, गदा, पद्म धारण केलेल्या स्त्रीमूर्ती आहेत. या विष्णूच्या शक्ती होत. इतक्या ठळकपणे त्या अन्यत्र क्वचितच आढळतात. त्यावरून हे मंदिर मूळचे विष्णूचे, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. हरीच्या घरी हर केव्हा आणि कसा आला, याची चौकशी करीत कोणी भाविक दारात अडून बसत नाही. तो बेल वाहतो आणि नमस्कार करतो.

हे सविस्तर सांगण्यास कारण आहे. दिवाळीच्या सुटीत परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या वाटेवर आता कंबोडियातील अंकोर वाट हे मंदिरही असते. तेथून परतलेल्या काही भाविकांच्या तोंडून आम्ही एक हळहळ ऐकली आहे: “एवढे थोरले विष्णुमंदिर, पण आत देव आपला नाही, बुद्ध आहे. हात तरी कोणाला जोडावे?” प्रश्न प्रामाणिक आहे. आम्हांस त्याचे उत्तर अन्व्यातच सापडते.

अंकोर वाट दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी उभारले. म्हणजे अन्व्याचा मढ आणि हे मंदिर एकाच शतकाची लेकरे. पुढे तेथील प्रजा बुद्धाची उपासक झाली आणि मंदिर विहार बनले. राजधानी अन्यत्र गेली, भोवतालच्या कित्येक मंदिरांवर झाडांची मुळे चढली. पण येथे भिक्षूंचा वावर राहिला म्हणून हे देवालय पुरते ओसाड कधीच झाले नाही. ज्या वास्तूत दिवा लागतो तीच टिकते, मग तो दिवा कोणापुढेही लागो. आपल्या पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनीही १९८६ ते १९९३ या काळात, त्या देशाच्या अत्यंत बिकट दिवसांत, तेथे जतनाचे काम केले होते.

आणि विष्णू तेथून गेला आहे, असे तरी कोठे आहे? पश्चिमेच्या महाद्वारात, दक्षिणेकडील भागात, अष्टभुज विष्णूची भव्य मूर्ती उभी आहे. तेथील लोक तिला ‘ता रीच’ म्हणतात, वस्त्र नेसवतात, उदबत्त्या लावतात, नवस बोलतात. घाईचे प्रवासी सरळ पुढे निघून जातात. आपण तसे करू नये.

मंदिर पश्चिमाभिमुख आहे, हे ध्यानात ठेवावे. भोवतालच्या दीर्घिकांतील शिल्पपट क्रमाने पाहावयाचे तर भिंत डाव्या हातास ठेवून, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट चालावे लागते. या अपसव्य क्रमावरून मंदिराचा राजाच्या अंत्यविधीशी संबंध असावा, असे अनेक विद्वान मानतात. आरंभी कुरुक्षेत्र, पुढे यमराज व चित्रगुप्ताचा न्याय, पूर्वेस सुमारे ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथन आणि फेरा पुरा होता होता लंकेचे युद्ध. घरातील मुलांना रामायण पाठ असेल, तर तेथे वाटाड्याची गरज भासत नाही.

त्या भूमीला हरिहर नवा नाही. नवव्या शतकातील तेथील राजधानीचे नावच हरिहरालय होते आणि त्याहून जुन्या, सातव्या शतकातील हरिहरमूर्ती नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. उजवे अर्धांग शिवाचे, डावे विष्णूचे.

परमुलखीच्या पुण्यस्थळी जाण्याची रीत भोकरदनलाही नवी नाही, हे जाता जाता सांगावेसे वाटते. या गावाचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची आणि भरहुत येथील स्तूपांना दान देणाऱ्या भोगवर्धनच्या लोकांचे लेख दोन हजार वर्षांपूर्वी तेथील दगडांवर कोरले गेले. जेथे गेले तेथे त्यांनी काही अर्पण केले. आपण बहुधा छायाचित्र घेऊन परततो.

कंबोडियातील जलोत्सव कार्तिकी पौर्णिमेच्याच सुमारास येतो. नोम पेन्हला नौकांच्या शर्यती होतात आणि पौर्णिमेच्या चंद्राला वंदन केले जाते. आपल्या त्रिपुरीचे दिवे आणि तिकडील नदीवरचे दिवे एकाच चांदण्यात लागतात. या दिवसांत जाणाऱ्यांनी खांदे व गुडघे झाकणारा वेष करावा, भिक्षूंशी बोलताना आदर राखावा. मंदिराचा सर्वांत वरचा मजला बौद्धांच्या पवित्र तिथींना बंद असतो आणि पौर्णिमा त्यांतच येते. तेव्हा वर जावयाचे असल्यास दुसरा दिवस निवडावा. महाद्वारातील अष्टभुज विष्णूचे दर्शन मात्र त्या दिवशीही घडते.