पाचारण आणि क्लेश

संकट आले म्हणजे 'हे कोणाच्या पापाचे फळ?' असा प्रश्न मनुष्य प्रथम विचारतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायात जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीही हाच प्रश्न केला. प्रभू येशूने दोष कोणाच्याही माथी मारला नाही; त्या आंधळ्याच्या ठायी देवाचे कार्य कसे प्रकट व्हावयाचे आहे, इकडे त्याने त्यांचे लक्ष वळविले. क्लेशाचा अर्थ मागे वळून नव्हे, तर पुढे पाहून शोधावयाचा असतो, असा बोध आम्ही यातून घेतो. ही गोष्ट नुसत्या उपदेशाने पटावयाची नाही; म्हणून आपल्याच जिल्ह्यातील एका स्त्रीचे चरित्र पाहू.

दिंडोरीहून दक्षिणेस, नाशिकजवळ गोदावरीकाठी जलालपूर नावाचे गाव आहे. लक्ष्मीबाई टिळक या तेथील गोखल्यांच्या कन्या. त्यांचा जन्म 1868 सालचा. माहेरी सोवळ्याओवळ्याचा आचार अत्यंत कडक होता. लहान वयातच त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक कवी, विद्वान आणि सत्याच्या शोधार्थ तळमळणारे गृहस्थ. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांस देवाचे पाचारण ऐकू आले. लक्ष्मीबाईंस मात्र त्याचा घाव बसला. पती हयात असता संसार मोडला, आणि लहानग्या दत्तूस घेऊन नातलगांच्या आश्रयाने दिवस कंठण्याची पाळी त्यांजवर आली.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. पाचारण एकास होते, आणि त्याचे मोल पुष्कळदा दुसऱ्यास द्यावे लागते. टिळकांच्या थोरवीखाली हे दुःख झाकून टाकणे न्यायाचे नव्हे. रडणाऱ्या माणसास 'ही देवाची इच्छा' एवढेच सांगून आपण बाजूस झालो, तर ते सांत्वन नसून जखमेवर मीठ चोळणे होय.

मग लक्ष्मीबाईंच्या दुःखास अर्थ आला तो कसा? कित्येक वर्षांनी त्या पतीकडे परत आल्या, परंतु आपला धर्म न सोडता. त्यांनी आपला आचार निराळा सांभाळला. पुढे जातिभेद हा देवाने नव्हे, मनुष्याने निर्माण केला, असे त्यांच्या स्वतःच्या बुद्धीस पटले, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीचे पाचारण त्यांनी उसने घेतले नाही; त्यांस स्वतःचे पाचारण लाभले. जिच्या माहेरी परक्याच्या स्पर्शाचे भय होते, तिनेच पुढे निराधार मुलांस आपल्या घरात घेतले. स्वतः निराधारपणा सोसला होता, म्हणून दुसऱ्याचा निराधारपणा त्यांस चटकन ओळखता आला. त्यांच्या क्लेशास लागलेले फळ ते हेच.

1919 साली टिळक निवर्तले. त्यांनी अपुरे ठेवलेल्या 'ख्रिस्तायन' महाकाव्याचा फार मोठा भाग, शाळेचे शिक्षण न लाभलेल्या या बाईंनी रचला. 1934 पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत केवढी दुःखे आहेत! तरी कोठे कडवटपणा नाही. उलट वाचता वाचता हसू येते. 1936 साली त्यांचा अंत झाला.

विद्यार्थीमित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी रुग्णसेवा पत्करील, कोणी दूरच्या पाड्यावर शिक्षक होईल. आपल्या निश्चयाचे ओझे घरातील कोणाच्या खांद्यावर पडणार, हे आधी पाहा, आणि त्या खांद्यांची आठवण ठेवा. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलांस दुःखाचे अर्थ घाईने सांगू नका; त्यांच्याजवळ बसा, वाट पाहा. क्लेश स्वतः पवित्र नसतो. त्यातून गेलेल्या हाताने दुसऱ्याचा हात धरला, म्हणजे तो पवित्र होतो.