मुदत कोऱ्या फिल्मची संपते, काढलेल्या एक्स-रेची नाही

गावाकडे बहुतेक घरांत एक्स-रेची मोठी पाकिटे सापडतात. आजोबांचा खुबा, आईची छाती, मुलाचा मोडलेला हात. ती गादीखाली किंवा माळ्यावर पडून राहतात आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारात जातात. ‘जुना झाला, आता काय कामाचा?’ असा त्यामागचा हिशेब. फिल्मलाही औषधासारखी मुदत असते हे कुठेतरी ऐकलेले असते, त्यामुळे हा समज पक्का होतो. मुदत असते हे खरे, पण ती कोऱ्या फिल्मची.

पारंपरिक एक्स-रे फिल्म म्हणजे पॉलिस्टरचा पातळ ताव. त्यावर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षाराचे सूक्ष्म कण बसवलेले असतात. प्रकाश किंवा क्ष-किरण पडलेले कण डेव्हलपरमध्ये काळे होतात. उष्णता, दमटपणा, रसायनांची वाफ आणि निसर्गातील किरणोत्सर्ग यांमुळे काही कण फिल्म न वापरताही बदलतात. मग धुतल्यावर सगळीकडे करडी झाक येते. तिला ‘फॉग’ म्हणतात. म्हणून कोऱ्या फिल्मची खोकी साधारण १० ते २१ अंश सेल्सिअस तापमानात, कोरड्या जागी, क्ष-किरणांपासून दूर आणि उभी ठेवतात. खोक्यावरची तारीख अशी काळजी गृहीत धरूनच छापलेली असते. शिरूर तालुक्यातील केंदूरसारख्या गावात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत राहिलेली फिल्म तारखेच्या आतही बिघडू शकते.

कॅमेऱ्याचे हौशी लोक मुदत संपलेली फिल्म मुद्दाम वापरतात. दर दहा वर्षांमागे प्रकाश साधारण दुप्पट द्यायचा, असा त्यांचा ढोबळ ठोकताळा असतो. रंग फिके आले, दाणे दिसले तरी त्यात मजा वाटते. एक्स-रेमध्ये मात्र प्रकाश वाढवणे म्हणजे रुग्णावर जास्त किरण सोडणे. तेवढे करूनही फॉग जात नाही. सुरुवातीच्या क्षयरोगाची पुसट सावली किंवा हाडाची केसासारखी बारीक चीर त्या करड्या झाकेत लपू शकते. म्हणून निदानासाठी मुदतबाह्य फिल्म वापरू नये.

एकदा नीट धुतलेल्या फिल्मवरचे चित्र मात्र धातुरूप चांदीचे असते. बरी सांभाळली तर ती अनेक दशके टिकते आणि तिचे मोल वयाबरोबर वाढते. बऱ्या झालेल्या क्षयरोगाचा व्रण फुप्फुसावर कायम राहू शकतो. दहा वर्षांनी खोकला झाला आणि एक्स-रेत डाग दिसला, तर तो जुना की नवा हा प्रश्न उभा राहतो. थुंकीची तपासणी करावीच लागते, पण जुन्या फिल्मवर तोच डाग तसाच असेल तर डॉक्टरांचे काम सोपे होते. फुप्फुसातील घट्ट गाठ दोन वर्षे आकाराने बदलली नसेल, तर ती बहुधा निरुपद्रवी मानतात. हा पुरावा फक्त जुन्या फिल्मकडेच असतो. मजुरी बुडवून, एसटीने शिरूर किंवा पुणे गाठून काढलेला एक्स-रे रद्दीत घालणे म्हणूनच महाग पडते.

घरात फिल्म ठेवणे धोक्याचे आहे का? तिच्यातून किरण बाहेर पडत नाहीत. आगीची भीती मात्र एकेकाळी खरी होती. पूर्वीची फिल्म नायट्रेटची, सहज पेट घेणारी असे. १९२९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या रुग्णालयात तळघरातील अशा एक्स-रे फिल्म पेटल्या आणि मुख्यतः विषारी वायूंमुळे १२३ जणांचा जीव गेला. पुण्यातही जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा जुन्या नायट्रेट चित्रपटांचा ठेवा जळाला. आजची पॉलिस्टर फिल्म तशी भडकत नाही. तरीही ती जाळू नये. धूर घातक असतो.

फिल्म पाकिटात, सपाट, कोरड्या कपाटात ठेवावी. गुंडाळू किंवा दुमडू नये. पावसाळ्यात घट्ट प्लास्टिकमध्ये बांधल्यास ओल धरते आणि बुरशी येते. एकमेकींना चिकटलेल्या फिल्म ओढून सोडवू नयेत. हल्लीच्या डिजिटल एक्स-रेची बरीच छपाई उष्णतेवर होते. अशी फिल्म उन्हात उभ्या गाडीत किंवा चुलीजवळच्या फळीवर राहिली तर काळी पडते. पाकिटावर नाव, तारीख आणि दवाखाना लिहावा. रिपोर्ट आणि सीडी त्यातच ठेवावी. खिडकीच्या उजेडात धरून मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा, पण तो मूळ फिल्मची जागा घेत नाही.

जुन्या फिल्मचा एक वापर कटाक्षाने टाळावा, तो म्हणजे ग्रहण पाहणे. फिल्ममधून सूर्य मंद दिसतो, पण डोळ्याला न दिसणारी अवरक्त किरणे आत शिरतात. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होत असताना जाणवतही नाही. मुलांच्या हाती अशी फिल्म देऊ नये.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना नव्या कागदांबरोबर जुने पाकीटही पिशवीत घ्यावे. डॉक्टरांनी मागितले नाही, तर ‘जुना एक्स-रे आणला आहे’ असे आपणहून सांगावे.